स्वयंपाकघरातील कपाटांची दारे, मुठी आणि फिनिश यांची सरमिसळ: कोठे थांबावे?

बोरीकाठ (अमळनेर)

जुने घर उतरवून त्याच जागी आम्ही नवे घर बांधत आहोत. गिलावा आणि फरशी झाली असून आता स्वयंपाकघराच्या फर्निचरचा विषय ऐरणीवर आला आहे. ओटा एल आकाराचा, काळ्या ग्रॅनाइटचा आहे. लांब बाजू १२ फुटांची आणि आखूड ८ फुटांची. डिझायनरने दिलेल्या आराखड्यात खालच्या ट्रॉल्या सपाट दारांच्या, ऑलिव्ह रंगाच्या मॅट लॅमिनेटच्या व काळ्या गोला प्रोफाइलच्या (मुठीऐवजी बोटे घालून ओढण्याची खोलगट पट्टी) आहेत. वरची कपाटे हस्तिदंती रंगाच्या शेकर दारांची (कडेला उंच चौकट आणि मध्ये आत गेलेली फळी) असून त्यांना सोनेरी नॉब आहेत. आणि फ्रिजशेजारच्या उंच युनिटला स्टीलच्या लांब मुठी दाखवल्या आहेत. नळ, सिंक आणि चिमणी अर्थातच स्टीलची आहेत.

यात आणखी एक भर आहे. जुन्या घरातील फडताळाची सागवानी दारे, त्यांच्या पितळी कड्यांसह, सासूबाईंनी जपून ठेवली आहेत आणि ती नव्या स्वयंपाकघरात लागावीत अशी त्यांची इच्छा आहे. मलाही ती कल्पना मनापासून आवडते. परंतु तीन तऱ्हेची दारे आणि तीन-चार धातू एकाच खोलीत आले, तर आवळ्याभोपळ्याची मोट होईल, अशी भीती वाटते. सगळे एकसारखे केले तर दुकानातील नमुन्यासारखे निर्जीव दिसेल, हेही जाणवते. ज्यांनी अशी सरमिसळ केली आहे किंवा व्यवसाय म्हणून करून दिली आहे, त्यांनी कोठे थांबावे हे कृपया सांगावे.

भरीतपार्टी (जळगाव)

ताई, दिसण्याचे इतर जाणकार सांगतील. मी फडके हातात धरणाऱ्याच्या बाजूने बोलतो. आपल्याकडे शेवभाजीचा रस्सा होतो, काळ्या मसाल्याची फोडणी बसते, हिवाळ्यात भरताची वांगी भाजली जातात, आणि चिमणी कितीही चांगली असली तरी तेलाची थोडी वाफ वरच्या कपाटांवर जातेच. शेकर दाराच्या कडेच्या पट्ट्या मधल्या फळीपेक्षा काही मिलिमीटर उंच असतात. खालच्या आडव्या पट्टीच्या त्या अरुंद काठावर तेल आणि धूळ मिळून एक तपकिरी चिकट रेघ तयार होते, जी ओल्या फडक्याने पुसली जात नाही. कोमट पाण्यात साबण घालून, फडक्याचा कोपरा बोटाच्या टोकावर घेऊन ती कोपऱ्याकोपऱ्यातून काढावी लागते. चैत्र-वैशाखातील आपल्याकडची धूळ लक्षात घेतली तर हे काम सतत करावे लागेल. म्हणून शेगडीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट सपाट दारे ठेवावीत आणि शेकरची हौस पलीकडे भागवावी, असे माझे मत आहे.

आरेखन (जळगाव)

मी अंतर्गत सजावटीचा व्यवसाय करते. भरीतपार्टी यांचे निदान बरोबर आहे, मात्र उपाय मला मान्य नाही. एकाच सरळ रांगेतील वरची कपाटे मध्येच सपाट आणि मध्येच शेकर केली, तर कोणीही पाहणारा म्हणेल की मिस्त्रीकडे दारे कमी पडली. दाराची तऱ्हा बदलायची असेल तर ती जेथे कपाटांची रचनाच बदलते तेथे बदलावी: खालची रांग आणि वरची रांग यांच्यामध्ये, ओट्याची रांग आणि उंच युनिट यांच्यामध्ये, किंवा भिंत वळते त्या ठिकाणी. असा सांधा मिळाला की डोळा तो बदल मुद्दाम केलेला आहे असे मानतो.

आता आराखड्याविषयी. आपल्या डिझायनरने दिलेल्या गोष्टी एकेकट्या चांगल्या आहेत, पण त्यांना सागवानी दारांची माहिती असावी असे वाटत नाही. जुन्या फडताळाची दारे म्हणजे उभ्या-आडव्या पट्ट्यांची चौकट आणि तिच्यात बसवलेली फळी. शेकर दाराची बांधणीही तीच आहे. अमेरिकेतील शेकर पंथीयांनी अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत जे साधे फर्निचर केले, त्यातून ही दारे जगभर गेली. आपल्याकडच्या सुतारांनी तशीच चौकट सागात स्वतंत्रपणे केली. म्हणजे आपल्याकडे अस्सल चौकटीचे दार असताना, त्याच्याच समोर एमडीएफवर (लाकडाच्या तंतूंच्या दाबलेल्या फळीवर) रंग दिलेले चौकटीचे दार उभे राहणार आहे. दोन्ही एकमेकांना मारतील. माझा सल्ला असा की सागवानी दार हे खोलीतील एकमेव चौकटीचे दार असू द्यावे आणि बाकी सर्व दारे, वरची आणि खालचीही, सपाट करावीत. भरीतपार्टी यांची तक्रारही त्यातच मिटते.

धातूंच्या बाबतीत लोक हिशेब मुठींपासून सुरू करतात आणि तेथेच गफलत होते. नळ, सिंक व चिमणी यांचे स्टील हा पहिला धातू आधीच ठरलेला आहे. पितळी कड्या हा दुसरा. त्यामुळे सोनेरी नॉब, काळा गोला आणि स्टीलच्या मुठी यांपैकी नवे काय आणायचे, एवढाच प्रश्न उरतो. माझ्या मते दोन धातू पुरेसे आहेत. तिसरा आणायचाच असेल तर तो एकाच ठिकाणी न ठेवता निदान दोन जागी दिसला पाहिजे, नाहीतर तो उरलेल्या सामानातून लावल्यासारखा दिसतो. काळ्या रंगाला थोडी सवलत देता येते, कारण आपला ग्रॅनाइट काळा आहे आणि ओट्याखालची काळी पट्टी त्याच्याच सावलीत जाते.

रंगापेक्षाही महत्त्वाची आहे ती झळाळी. ब्रश्ड स्टीलशेजारी ब्रश्ड किंवा मॅट पितळ चालते. आरशासारख्या क्रोमशेजारी काळवंडलेले जुने पितळ बेंगरूळ दिसते. आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सोनेरी फिनिश एकत्र कधीही लावू नये. एकाच्या सोनेरीत तांबूस छटा असते, दुसऱ्याच्या सोनेरीत हिरवट. दोन्ही शेजारी आले की दोन्ही नकली वाटतात. नवे सोनेरी नॉब सासूबाईंच्या खऱ्या पितळापुढे टिकणार नाहीत, म्हणून ते मी पूर्णपणे वगळीन.

मिस्त्रीभाऊ (धुळे)

आरेखन ताईंचे दिसण्याबद्दलचे म्हणणे मला पटते. जुनी दारे बसवताना आम्हां कारागिरांना काय अडते, तेवढे मी लिहितो.

पहिली गोष्ट जाडीची. आजचे शटर, म्हणजे कपाटाचे दार, साधारण १८ मिलिमीटरचे असते आणि त्याला मागून ३५ मिलिमीटर व्यासाचे भोक पाडून कपची बिजागरी बसते. जुने सागवानी दार बहुधा त्याहून बरेच जाड निघते. नेहमीची कपची बिजागरी अशा दाराला लावली, तर उघडताना दाराची कड शेजारच्या दारावर घासते. जाड दारांसाठी वेगळ्या बिजागऱ्या मिळतात. परंतु जुन्या दाराला पितळी पानांची साधी बिजागरी लावणे मला अधिक योग्य वाटते. सॉफ्ट क्लोजचा, म्हणजे दार आपोआप हळू मिटण्याचा, आग्रह तेथे धरू नये.

दुसरी गोष्ट पातळीची, आणि ही बहुतेक आराखड्यांत राहून जाते. ट्रॉल्यांची नवी शटरे कॅबिनेटच्या कडेवर बसतात, म्हणजे ती खोक्याच्या पुढे १८ मिलिमीटर येतात. सागवानी दार आपल्या चौकटीच्या आत बसते. दोन्ही कपाटे मागेपुढे सारख्याच मापाची करून शेजारी ठेवली, तर सागवानी दार मागे गेल्यासारखे दिसते. ते खोके तेवढेच पुढे घ्यावे, म्हणजे समोरून दोन्ही एका रेषेत येतात. दाराभोवती सगळीकडून तीन मिलिमीटर फट ठेवावी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा लाकूड आकसते आणि आषाढ-श्रावणात ते आडव्या अंगाने फुगते. ऐन उन्हाळ्यात घट्ट बसवलेले दार पावसाळ्यात अडकलेच म्हणून समजा. याच कारणाने दाराची मधली फळी खाचेत मोकळी असते. दुरुस्ती करताना कोणी ती गोंदाने किंवा खिळ्याने पक्की करू पाहील, त्याला करू देऊ नये.

सिंकच्या खाली किंवा शेजारी ही दारे अजिबात लावू नयेत. सिंकच्या खोक्याला पाण्यात टिकणारे बीडब्ल्यूपी म्हणजे आयएस ७१० चे प्लायवुड वापरावे आणि सागवानी दारांसाठी फ्रिजच्या बाजूची कोरडी जागा पाहावी.

आता गोला. गोला लावायचा की नाही हे आताच पक्के करा, कारण त्यासाठी कॅबिनेटच्या बाजूच्या फळ्यांना खाचा घ्याव्या लागतात. ओट्याखाली एल आकाराची पट्टी आणि दोन ट्रॉल्यांच्या मध्ये सी आकाराची. उद्या कंटाळा आला म्हणून तो काढून साध्या मुठी लावता येत नाहीत. मधली फट तशीच राहते. शिवाय आपल्याकडे भाकरी रोज ओट्यावर थापली जाते. दादरीचे (ज्वारीचे) पीठ काठावरून खाली सांडते आणि थेट त्या वरच्या पट्टीत जाऊन बसते. त्यात ओला हात लागला की पट्टीच्या आतल्या वळणात पिठाची खापली धरते, आणि काळ्या पट्टीवर ती पांढरी खापली लांबूनही दिसते.

नाना_शिरपूर

सुनबाई, दिसण्याची चर्चा चालू आहे, म्हणून थोडे हाताविषयी लिहितो. माझी बोटे सांधेदुखीमुळे पूर्वीसारखी वळत नाहीत. गोल नॉब चिमटीत धरून ओढणे मला जमत नाही, आणि गोलाच्या फटीत चार बोटांची टोके अडकवून भरलेली ट्रॉली ओढताना नखे दुखतात. सरळ मूठ असेल तर पूर्ण हात आत जातो आणि कणकेचा हात असला तरी एका बोटाने ओढता येते. आपल्या खानदेशी घरात खालच्या मोठ्या ट्रॉलीत दोन फुलपात्रे नसतात. गव्हा-दादरीच्या पिठाचे डबे, डाळी आणि तेलाचा कॅन असतो. ज्या घरात सासूबाई आहेत, तेथे निदान खालच्या ट्रॉल्यांना तरी मूठ असावी आणि मूठ व शटर यांच्यामध्ये बोटे सहज जातील इतकी, म्हणजे २५ ते ३० मिलिमीटर, मोकळी जागा असावी. मुठीची टोके मात्र शटरकडे वळलेली घ्यावीत. सरळ बाहेर आलेल्या टोकात पदर अडकतो.

भरीतपार्टी (जळगाव)

नानांच्या म्हणण्याला माझे पूर्ण अनुमोदन. मुठी स्टीलच्या घेणार असाल तर दुकानात जाताना खिशात लोहचुंबक ठेवावा. चिकटला तर माल हलका समजावा.

मिस्त्रीभाऊ (धुळे)

भाऊ, चुंबकाने अर्धीच परीक्षा होते. चुंबक जोरात चिकटला तर ते ३०४ या चांगल्या प्रतीचे स्टील नाही, एवढे कळते. परंतु बाजारात ३०४ च्या नावाखाली विकले जाणारे स्टील बहुतेक वेळा २०२ असते, आणि त्यालाही चुंबक चिकटत नाही. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. २०२ मध्ये निकेल कमी करून त्याची जागा मँगनीजने भरलेली असते, त्यामुळे ते स्वस्त पडते आणि ओलीत लवकर तांबारते. दुकानदाराकडून बिलावर ३०४ असे लिहून घेणे हा चुंबकापेक्षा चांगला उपाय आहे.

पितळवाली (भुसावळ)

सासूबाईंच्या कड्यांसाठी मात्र चुंबक खरोखर उपयोगी आहे. अस्सल पितळ तांबे आणि जस्त यांचे असते, त्याला चुंबक चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर पितळेचा मुलामा आहे.

आज दुकानात सोनेरी म्हणून मिळणाऱ्या बहुसंख्य मुठी जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात आणि त्यांवर विद्युत मुलामा दिलेला असतो. घरातील कोणीतरी एखाद्या सणाआधी समई-तांब्याबरोबर त्यांनाही चिंच किंवा पीतांबरी लावते आणि सोनेरी थर जाऊन खालचा करडा रंग उघडा पडतो. अशा मुठी फक्त सौम्य साबणाच्या ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरड्या कराव्यात. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे थेंब त्यांवर सुकू दिले तर पांढरे डाग पडतात. मॅट काळ्या फिनिशवर ते सर्वांत जास्त दिसतात, म्हणून सिंकजवळ काळे काही घेताना विचार करावा.

जुन्या कड्या मात्र चिंचेने निर्धास्त घासाव्यात. त्यांना नवा मुलामा किंवा लाखेचा थर देऊ नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. पारदर्शक थर दिलेले पितळ काही काळ चकचकीत राहते, पण एका ठिकाणी ओरखडा पडला की तेथूनच काळे पडू लागते आणि मग ते पुसताही येत नाही. उघडे पितळ सर्व बाजूंनी काळवंडते, आणि जेथे रोज बोट लागते तेवढाच भाग उजळ राहतो. कडी आपटून लाकडावर खळगा पडला असेल, तर त्या जागी मूळचीच पितळी चकती असायची; ती हरवली असल्यास नवी करून घ्यावी.

बोरीकाठ (अमळनेर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चुंबक लावून पाहिला. कड्या अस्सल पितळेच्या आहेत. दारांची जाडी सव्वा इंच भरली.

आरेखन ताई, आपल्या म्हणण्यानुसार शेकर दारे रद्द करण्यास डिझायनर तयार झाले आहेत. वरची कपाटे हस्तिदंती, पण सपाट होतील. नानांचे म्हणणे वाचून सासूबाईंनी गोलाविरुद्ध निर्णायक मत दिले, त्यामुळे खालच्या ट्रॉल्यांना ब्रश्ड स्टीलच्या मुठी येतील. सागवानी दारे फ्रिजशेजारच्या उंच युनिटला, कमरेच्या वरच्या भागात लागतील. दोन शंका उरल्या आहेत. वरच्या कपाटांना मुठी लावाव्यात की नाही? आणि स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला असून दुपारनंतर सगळा रंग पिवळसर दिसतो, तर नमुने कोणत्या प्रकाशात निवडावेत?

आरेखन (जळगाव)

वरच्या कपाटांना मुठी नकोत. शटर खोक्याच्या तळापेक्षा पाऊण इंच खाली उतरवून घ्यावे, म्हणजे खालून बोट घालून ते उघडता येते. वरची दारे हलकी असतात, त्यामुळे नानांची अडचण तेथे येत नाही. खाली स्टील, वर काहीही नाही आणि उंच युनिटवर पितळ, अशी रचना झाली की दोन धातू कोठेही एकमेकांना खेटत नाहीत. त्या उंच युनिटचा खालचा भाग मात्र ऑलिव्हच ठेवावा आणि त्याला ट्रॉल्यांचीच मूठ लावावी. सागवानी दारे इतर रांगेशी जोडली जातात ती या खालच्या भागामुळे. तो वेगळा केला तर ते युनिट दुसऱ्या घरातून आणल्यासारखे दिसेल. सागवानाला चकचकीत पॉलिश नको; बाकी सर्व पृष्ठभाग मॅट आहेत, तेव्हा तेथेही मॅटच असावे.

प्रकाशाचे म्हणाल, तर लॅमिनेटचा तुकडा, मूठ, कडी आणि ग्रॅनाइटचा तुकडा एकत्र घेऊन ते ओट्यावर आडवे ठेवून पाहू नयेत. कपाटाचे दार उभे असते, म्हणून नमुनेही भिंतीला टेकवून उभे धरावेत. आडव्या पृष्ठभागावर वरून प्रकाश पडतो आणि तोच रंग उजळ दिसतो. सकाळी, उतरत्या उन्हात आणि रात्री दिव्याखाली असे तीनदा पाहावे. रात्रीचा दिवा तर आपल्याच हाती आहे. ६५०० केल्विनच्या (केल्विन हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप) पांढऱ्याशुभ्र एलईडीखाली पितळ फिकट आणि हिरवट दिसते, सागवान करडे होते व हस्तिदंती रंग मळका वाटतो. ३००० केल्विनला पितळ व लाकूड खुलते, पण ऑलिव्ह रंग तपकिरीकडे झुकतो. या खोलीसाठी ४००० केल्विन योग्य ठरेल, आणि कपाटांखालच्या पट्ट्या व छताचे दिवे दोन्ही त्याच आकड्याचे घ्यावेत.

मिस्त्रीभाऊ (धुळे)

आता मुठी मागवण्यापूर्वी एवढे पाहावे. दोन भोकांमधील अंतर ९६, १२८, १६०, १९२ मिलिमीटर असे ३२ च्या पटीत असते. अरुंद ट्रॉलीला एक आणि रुंद ट्रॉलीला दुसरे, अशी दोन मापे घेतली तरी चालतात, पण दोन्ही एकाच मालिकेतील असावीत. दोन मापांच्या वर जाऊ नये. पुढे कधी मुठी बदलायच्या झाल्या तर भोकांचे अंतर जुळणे सोपे राहते, नाहीतर लॅमिनेटवरची जुनी भोके झाकण्यासाठी पट्ट्या शोधत फिरावे लागते. प्रत्येक मापाच्या दोन मुठी जास्त घेऊन ठेवाव्यात, कारण तेच फिनिश नंतरच्या मालात तंतोतंत मिळेल याची खात्री नसते.

एलच्या कोपऱ्याकडे विशेष लक्ष द्यावे. गोला रद्द झाल्यामुळे आता मुठी शटरच्या पुढे ३०-३५ मिलिमीटर येतील, आणि कोपऱ्यातली ट्रॉली उघडताना ती शेजारच्या मुठीला धडकेल. डिझायनरचा मूळ आराखडा गोला धरून काढलेला असल्याने कोपऱ्यात मोकळी जागा राखणारी पट्टी दाखवलेली नसेल, किंवा अगदी अरुंद दाखवलेली असेल. दोन्ही बाजूंना निदान ५० मिलिमीटरची पट्टी घालून ट्रॉल्यांची रुंदी पुन्हा काढून घ्यावी, आणि ते प्लायवुड कापण्यापूर्वीच करावे.

भोके शटरच्या दर्शनी बाजूने पाडावीत आणि मागे लाकडाचा ठोकळा घट्ट धरावा, म्हणजे लॅमिनेटचा टवका उडत नाही. सगळ्या ट्रॉल्यांसाठी प्लायवुडच्या तुकड्याचा एकच साचा करून त्यावरूनच खुणा कराव्यात. प्रत्येक शटरवर टेप लावून मोजत बसले की मुठी ओळीत येत नाहीत. मुठीबरोबर येणारे स्क्रू एका १८ मिलिमीटरच्या शटरपुरते असतात. जेथे ट्रॉलीला आतली फळी आणि बाहेरचे शटर असे दोन थर असतील, तेथे ते पोचत नाहीत. तेथे चार मिलिमीटर जाडीचे ४५ मिलिमीटर लांब स्क्रू आधीच आणून ठेवावेत.